खात्यात ३८ लाख जमा, पण त्यातलं माझं किती?

लातूरच्या एका सिव्हिल इंजिनिअरचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी सोडून घरांचे नकाशे, मनपाची परवानगी, साइटची देखरेख आणि अधूनमधून बांधकामाचा ठेका अशी कामं ते करतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये त्यांच्या एकुलत्या एका बचत खात्यात ३८ लाख रुपये जमा झाले. कोणी सांगतं निम्म्यावर कर भरा, कोणी सांगतं वीस लाख ओलांडले म्हणजे जीएसटी लागला. खर्चाच्या बऱ्याच पावत्या नाहीत. गावाकडच्या सोयाबीनची पट्टीही, म्हणजे मोंढ्यात (शेतमालाच्या बाजारात) विकल्याचे पैसेही, याच खात्यात येतात. त्यांनी जमा रकमेची फोड दिली आहे: नकाशे आणि देखरेखीची फी ११ लाख, घरमालकांनी मनपाचं शुल्क भरायला दिलेले ४ लाख, सिमेंट-लोखंड-वाळूसाठी आलेले १४ लाख, मजुरीसाठी ६ लाख, मोंढ्यातली पट्टी २ लाख आणि भावाने पाठवलेला १ लाख.

दादा, तुमची अडचण कराच्या दराची नाही. तुमच्या खात्यात लोकांचे पैसे तुमच्या पैशात मिसळलेत आणि ते लोकांचे आहेत हे दाखवणारा कागद तुमच्याकडे नाही. हे सुटलं की कराचा भाग अर्ध्या तासाचा आहे.

आधी किती फरक पडतो ते बघा. सगळे ३८ लाख फी धरले आणि ४४एडीए कलमाखाली, म्हणजे खर्चाचा हिशोब न देता ठरावीक टक्के उत्पन्न धरायच्या अंदाजित पद्धतीने, निम्मं उत्पन्न दाखवलं, तर उत्पन्न होतं १९ लाख. नव्या कररचनेत त्यावर १,८०,००० कर आणि ४ टक्के उपकर मिळून १,८७,२०० रुपये. फक्त ११ लाख फी धरली तर उत्पन्न साडेपाच लाख, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची सूट असल्याने कर शून्य. खातं तेच, माणूस तोच. म्हणून ‘निम्म्यावर भर’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, कशाच्या निम्म्यावर?

आता तुमची उलाढाल नेमकी किती, हे तुम्ही घरमालकाशी काय ठरवलं होतं त्यावर अवलंबून आहे, आणि ते मला इथून दिसत नाही. तीन शक्यता आहेत. मालकाने मटेरियल आणि मजुरी स्वतःच्या हिशोबाने केली, तुम्ही फक्त त्याचे पैसे पुढे पोचवले, तर तुमची उलाढाल ११ लाख. मजुरीचा ठेका तुमचा होता, म्हणजे फुटाला अमुक रुपये ठरवून गवंडी-सेंट्रिंगवाले तुम्ही लावले, वर उरलं ते तुमचं आणि तोटा झाला तर तोही तुमचा, तर ती झाली १७ लाख. आणि ‘मटेरियलसह फुटाला इतके’ असा ठेका होता, तर ३१ लाख. मनपाचे ४ लाख, सोयाबीन आणि भावाचे पैसे यांपैकी कशातच मोडत नाहीत, पण त्यासाठीही कागद लागतो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे लोखंडाचा भाव मध्येच वाढला तर फटका कोणाला बसला? मालकाने वाढीव पैसे दिले असतील तर मटेरियल त्याचं. तुम्ही गिळला असेल तर ठेका तुमचा, मग बिल कोणाच्याही नावावर असो.

जीएसटीकडे याच चष्म्यातून बघा. महाराष्ट्रात सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. मालासाठी ४० लाख आहे खरी, पण मटेरियलसह बांधकामाचा ठेका जीएसटीत सेवाच धरला जातो, त्यामुळे ‘मी सिमेंट विकतो, माझी मर्यादा ४० लाख’ हे चालत नाही. ही उलाढाल पॅनवर मोजतात. नकाशाची फी आणि ठेका वेगवेगळ्या नावाने केला तरी बेरीज एकच. एकट्या स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाचा, मटेरियल नसलेला निव्वळ मजुरीचा ठेका करमुक्त आहे, पण २० लाखांच्या बेरजेत तोही येतो. दुरुस्ती, रंगकाम, फरशी बदलणं यांना ती सूट नाही.

म्हणजे पहिल्या दोन शक्यतांत तुम्ही मर्यादेच्या आत आहात. तिसऱ्यात मर्यादा वर्षाच्या मध्येच कधीतरी ओलांडली गेली, आणि तिथून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायला हवा होता. तसं असेल तर आणखी थांबू नका. उशीर जितका, तितकं व्याज वाढतं आणि कर तुम्हालाच खिशातून भरावा लागतो, कारण काम झालेल्या मालकाकडे आता कोणत्या तोंडाने १८ टक्के मागणार? यापुढच्या प्रत्येक कोटेशनवर ‘जीएसटी लागू झाल्यास वेगळा’ ही ओळ टाकाच. ती नसेल, तर १,१८,००० च्या बिलातले १८,००० तुमच्या मेहनतीतून जातात. आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावून पैसे घेणं हा थेट गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

मनपाचं विकास शुल्क, कामगार उपकर वगैरे मालकाच्या वतीने भरता, त्याला जीएसटीत प्युअर एजंट म्हणतात. त्याच्या अटी नियम ३३ मध्ये आहेत आणि त्या साध्या आहेत: मालकाने तसं काम सोपवल्याचा करार किंवा निदान लेखी संमती हवी, चलन मालकाच्या नावाचं हवं, जितके भरले तितकेच घेतलेले हवेत, आणि तुमच्या बिलात ती रक्कम फीपासून वेगळी दाखवलेली हवी. चलन ८७,४०० चं आणि मालकाकडून सरळ एक लाख घेतले, तर वरचे १२,६०० तुमची फी. ‘वरखर्च’ म्हणून घेतलेले पैसेही फीच, आणि ते टेबलाखालून पुढे गेले तर त्यांचा खर्च कोणत्याच कलमात बसत नाही, कारण बेकायदा कामासाठीचा खर्च कायदा मानत नाही.

सिमेंट-लोखंडाचं सगळ्यात चांगलं औषध म्हणजे ते पैसे तुमच्या खात्यात येऊच न देणं. दुकानदाराचं बिल मालकाच्या नावावर, माल पोचवण्याचा पत्ता साइटचा, आणि पैसे मालकाने थेट दुकानदाराला आरटीजीएस किंवा यूपीआयने. तुम्ही यादी, मापं आणि भाव ठरवून द्या, माल तपासून घ्या. मालक पुण्या-मुंबईला असतो म्हणून सगळं तुमच्यावर सोपवतो, हे मान्य. पण मोबाईलवरून पैसे पाठवायला त्याला लातूरला यावं लागत नाही.

झालेल्या वर्षाचं काय करायचं ते सांगतो. बँकेतून एप्रिल ते मार्चचं स्टेटमेंट एक्सेल स्वरूपात घ्या. पुढे चार रकाने जोडा: कोणाकडून, कशासाठी, पैसे कोणाचे, पुरावा काय. प्रत्येक जमेसमोर ते भरा. मग एकेका साइटचा हिशोब वेगळा काढा: मालकाकडून आले इतके, सिमेंटला गेले इतके, मजुरांना इतके, मनपाला इतके, माझी फी इतकी. हा ताळेबंद मालकाला दाखवून ‘हिशोब पाहिला, मान्य’ अशी तारखेसह सही घ्या. दुकानदाराकडे तुमच्या किंवा मालकाच्या नावाचा खातेउतारा असतोच. जुनी बिलं हरवली असतील तर उतारा आणि बिलांच्या दुय्यम प्रती मागा, जीएसटीवाला दुकानदार दोन मिनिटांत काढून देतो. एकाच पेनने, एकाच रात्रीत, वर्षभराची व्हाउचर लिहून काढू नका. ती कोणालाही ओळखू येतात, आणि मग खरी असलेली व्हाउचरही खोटी ठरतात.

मजुरीच्या बाबतीत पावत्या नसतात ही तक्रार सगळीकडेच आहे, कारण बाजाराच्या दिवशी रोख वाटप होतं. तिथे पावती नको, हजेरीपत्रक हवं. नाव, गाव, किती दिवस, रोज किती, उचल किती, हातात दिले किती, सही किंवा अंगठा. पाच हजारांहून जास्त रक्कम दिली तर त्या सहीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. मुकादमाला एकगठ्ठा देत असाल तर त्याचा पॅन किंवा आधार आणि त्याच्या टोळीची हजेरी घ्या. आणि मजुरीसाठी बँकेतून रोख काढल्याची तारीख हजेरीपत्रकाच्या तारखेशी जुळू द्या. तपासणारा पहिलं तेच बघतो.

रोखीत एक आकडा लक्षात ठेवा: १०,०००. एका माणसाला एका दिवसात यापेक्षा जास्त रोख दिली तर तो सगळा खर्च कलम ४०ए(३) खाली नामंजूर होतो, नुसती वरची रक्कम नाही. वाळूत हे हमखास घडतं. दोन ब्रासची गाडी रिकामी झाली की टिप्परवाला जागेवर रोख मागतो. मालवाहतुकीच्या भाड्यासाठी ही मर्यादा ३५,००० आहे, पण ती फक्त भाड्याला. वाळूची किंमत आणि भाडं एकाच आकड्यात दिलं तर दहा हजारांचाच नियम लावला जाणार. यूपीआयने द्या, वाहतूक पासची प्रत ठेवा. हा नियम नियमित हिशोबाने रिटर्न भरणाऱ्याला बोचतो, अंदाजित पद्धतीत खर्च वेगळा मागायचाच नसतो. घेतानाही सांभाळा: एकाच व्यक्तीकडून एका दिवसात, एकाच व्यवहारात किंवा एकाच कामासाठी २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेतली तितकाच दंड. मालकाने हप्त्याहप्त्याने दिली तरी एका कामाची बेरीज धरली जाऊ शकते.

आता अंदाजित पद्धत. कलमांचे क्रमांक मी १९६१ च्या कायद्यातले वापरतोय, कारण २०२५-२६ चा हिशोब त्याच कायद्याने होतो. १ एप्रिल २०२६ पासूनच्या व्यवहारांना २०२५ चा नवा आयकर कायदा आहे आणि त्यात क्रमांक वेगळे आहेत.

इंजिनिअरिंग हा ४४एडीए मधला व्यवसाय आहे. वार्षिक फी ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) तर निम्मं उत्पन्न दाखवून मोकळं होता येतं. वह्या ठेवायची सक्ती नाही, लेखापरीक्षण नाही. पेट्रोल, प्लॉटरची छपाई, ड्राफ्ट्समनचा पगार, सॉफ्टवेअरची वर्गणी, संगणकाचा घसारा, सगळं त्या उरलेल्या निम्म्यात आलं. निम्मं ही खालची मर्यादा आहे. प्रत्यक्षात ७० टक्के सुटत असेल तर ७० दाखवायचं असतं. घरून काम करणाऱ्या, मदतनीस नसलेल्या इंजिनिअरचा खर्च क्वचितच निम्मा असतो. तुमच्या ११ लाखांत ७० टक्के धरले तरी ७ लाख ७० हजार होतात आणि कर शून्यच राहतो. मग कमी दाखवून काय मिळवलं? उलट उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि साडेपाच लाखांवर कर्ज तेवढंच बसवते.

उलट बाजूने, खर्च खरोखर निम्म्याहून जास्त असेल, म्हणजे ऑफिसचं भाडं, दोन ड्राफ्ट्समन, गाडी असं सगळं असेल, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल, तर वह्या ठेवून लेखापरीक्षण करावं लागतं. त्याची फी आणि वाचणारा कर यांची तुलना करा. १२ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला हा खटाटोप बहुधा परवडत नाही. वह्यांच्या वाटेने गेलात तर घसारा संगणकाला ४० टक्के, गाडी आणि यंत्रांना १५, फर्निचरला १०. विकत घेतलेल्या वर्षात १८० दिवसांहून कमी वापर असेल तर त्या वर्षी निम्मा. गाडीच्या हप्त्यातलं व्याज खर्चात येतं, मुद्दल नाही. एलआयसीचा हप्ता, मुलांची फी, घरचा किराणा यांपैकी काहीच येत नाही.

ठेक्याच्या उत्पन्नाला ४४एडी आहे: बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोखीवर ८. पण इथे एक खाच आहे. कलमाचे शब्द काटेकोर वाचले तर ४४एडीए मधला व्यवसाय करणाऱ्या माणसाला ४४एडी मिळत नाही. दोन्ही धंदे वेगळे असतील तर मिळतं असंही काही जण मानतात आणि आयटीआर-४ या रिटर्नच्या छोट्या फॉर्ममध्ये दोन्ही तक्ते एकत्र भरताही येतात. माझं मत सावध बाजूचं आहे. फी ४४एडीए मध्ये दाखवा आणि ठेक्याचा साधा नफातोटा हिशोब वेगळा ठेवा. ठेक्याची उलाढाल एक कोटीच्या आत असेपर्यंत त्याला लेखापरीक्षणाची सक्ती नाही आणि वर सांगितलेली साइटवार एक्सेल हाच तो हिशोब होतो.

तुम्हाला तसंही आयटीआर-४ चालणार नाही, आणि याचं कारण आहे सोयाबीन. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त असेल तर हा फॉर्म भरता येत नाही, आयटीआर-३ घ्यावा लागतो. त्यातही अंदाजित उत्पन्नाचा तक्ता आहेच. पुष्कळ लोक फॉर्म छोटा ठेवायला शेती दाखवतच नाहीत. मग दोन लाखांची पट्टी बँकेत दिसते, रिटर्नमध्ये दिसत नाही, आणि ती धंद्याची जमा धरली जाते. सातबारा, ८-अ, आडत्याची पट्टी, बी-खताची बिलं एका फाइलमध्ये लावा. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर उत्पन्न त्यांचं, पट्टी आणि पैसेही त्यांच्याच खात्यात जाऊ द्या.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण कराचा दर ठरवताना ते मोजतात. समजा पुढे कधी व्यवसायाचं उत्पन्न १४ लाख आणि शेतीचं निव्वळ ३ लाख झालं. १७ लाखांवरचा कर १,४०,०००. शेतीचे ३ लाख अधिक ४ लाखांची मूळ मर्यादा, म्हणजे ७ लाखांवरचा कर १५,०००. फरक १,२५,०००, तो तुमचा कर. शेती नसती तर ९०,००० असता. उत्पन्न १२ लाखांच्या बरंच खाली असेल तर ८७ए मुळे हा फरक सहसा जाणवत नाही. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात भाड्याने दिला किंवा दूध डेअरीला घातलं, तर ते शेतीचं उत्पन्न नाही, धंद्याचं आहे.

कर भरायची वेळ. टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) वजा जाता १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. अंदाजित पद्धतीतल्याला तो १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात, बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला. बिल्डरचं काम केलं तर वर्षाला ५०,००० हून जास्त फीवर तो १० टक्के टीडीएस कापतो, मजुरीच्या ठेक्यावर १ टक्का. त्याने फी ठेका समजून १ टक्काच कापला किंवा उलट केलं, तर २६एएस आणि एआयएस या, तुमच्या पॅनवरचा कापलेला कर आणि जमा दाखवणाऱ्या उताऱ्यांमध्ये तुमची जमा चुकीच्या कलमाखाली दिसते. रिटर्न भरण्याआधी हे दोन्ही उतारे पोर्टलवरून काढून एक्सेलशी ताडून बघा.

यापुढे तीन खाती ठेवा. एक चालू खातं, त्यात फक्त फी आणि ठेक्याची जमा. दुसरं मालकांच्या पैशांचं, ज्यातून मनपा आणि दुकानदार यांनाच पैसे जातील आणि काम संपल्यावर शिल्लक शून्य होईल. तिसरं घरचं. चालू खात्यातून घरच्या खात्यात महिन्याला एक ठरलेली रक्कम पाठवा, किराणा तिथून करा. कराची तरतूद किती करायची? फी ३० लाखांवर गेली तरी ४४एडीए मध्ये उत्पन्न १५ लाख आणि उपकरासह कर १,०९,२०० येतो, म्हणजे रुपयाला चार पैसे बाजूला काढले तरी पुरतात. जीएसटी घेत असाल तर ते १८ टक्के त्याच दिवशी बाजूला काढा, ते कधीच तुमचे नव्हते. फी आणि ठेक्याची मिळून चालू बेरीज दर महिन्याला बघा, १५ लाख झाले की जीएसटीची कागदपत्रं गोळा करायला लागा.

एक किरकोळ पण विसरली जाणारी गोष्ट म्हणजे व्यवसाय कर. स्वतःसाठी पीटीईसी नोंदणी आणि वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत. ड्राफ्ट्समन पगारी असेल तर त्याच्या पगारातून कापण्यासाठी पीटीआरसी वेगळी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, ती करून ठेवा. पैसे अडकवणाऱ्या बिल्डरला लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायच्या नियमाची आठवण करून देताना तो क्रमांक बिलावर छापलेला असला की उपयोगी पडतो.

नेमकं उत्तर द्यायला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत: त्या १४ लाखांची बिलं कोणाच्या नावावर आहेत, आणि ठेक्यांपैकी मटेरियलसह किती होते. तेवढं साइटवार लिहून पाठवा, मग तुम्ही ११ वाले आहात, १७ वाले की ३१ वाले ते सांगता येईल.